गाळलेला इ

उलथण्याचं टोक कागदाखाली सरकवून इस्माईल धनसे सरांनी जोर लावला. कागद निघाला नाही. त्यांच्याच नावातला 'स्मा' तेवढा निघाला आणि नखाएवढा चुना सदऱ्यावर पडला. खळ पक्की होती. व्याख्यानमालेच्या लोकांनी एवढं एक काम मन लावून केलं होतं.

"मास्तर, भिंत परतताय का काय?"

डोक्यावर पाटी घेऊन बाजाराकडे निघालेली गोदूबाई थांबली होती. तिच्याकडचे बोंबील सर गेली कित्येक वर्षं खात आले होते.

"कागद काढतोय, गोदूबाई."

"असा नाय निघायचा. शेपटीकडनं घ्या. खवलं कवा पन शेपटीकडनं."

सरांनी शेपटीकडून घेतलं. तरीही निघाला नाही.

"मंग मासाच खराब हाय," गोदूबाई म्हणाली आणि हसत चालू लागली.

मासा खराबच होता. पत्रकावर जाड निळ्या अक्षरांत छापलं होतं: 'जिहादची परंपरा आणि आजचा मुसलमान. वक्ते: प्रा. इस्माईल धनसे. रविवार, सायंकाळी सहा.' सरांनी विषय लिहून दिला होता तो 'इज्तिहादची परंपरा'. इज्तिहाद म्हणजे जुन्या ग्रंथांपुढे बसून आपल्या काळाचा प्रश्न आपल्या बुद्धीने सोडवण्याचे कष्ट. हजार वर्षांपूर्वी या कष्टांचं दार बंद झालं असं मौलवी सांगत आले. आणि ते दार कोणी बंद केलं, कडी आतून की बाहेरून, हे सर तर्कशास्त्र शिकवता शिकवता आयुष्यभर शोधत आले. त्या शोधाबद्दल मराठीत, स्वतःच्या गावात, एकदा तासभर बोलायचं, एवढीच निवृत्तीनंतर त्यांची इच्छा होती. आता पुढचा इ गेला होता, मधला त गेला होता, आणि राहिलेला शब्द पनवेलच्या भिंतींवर चिकटला होता. साल त्र्याण्णव. तो डिसेंबर, तो जानेवारी आणि तो मार्च लोक अजून विसरले नव्हते.

काल जुम्म्याच्या नमाजनंतर कापडदुकानवाल्या सुलेमानने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला होता. तो नुकताच दुबईहून परतला होता.

"सर, दिल खुश कर दिया. आतापर्यंत तुम्ही ती फिलॉसॉफी-बिलॉसॉफी बोलायचात. आता बोललात मर्दासारखं."

सरांनी हात सोडवून घेतला होता. पण तळव्याला त्याच्या अत्तराचा वास राहिला होता आणि तो साबणाने जाईना, म्हणून आज सकाळी त्यांनी स्वयंपाकघरातून उलथणं उचललं होतं.

घरी परतले तर ओटीवर अवधूत केळकर बसलेले. हा माणूस बँकेत अधिकारी, नवीन पनवेलात राहायचा आणि व्याख्यानमालेचा कार्यवाह होता. स्वभावाने सज्जन. सरांच्या बायकोने, रुकय्याने, त्यांना पाणी दिलं होतं आणि स्वतः आतल्या दाराशी उभी राहिली होती. कालपासून तिने बाहेरचं दार दिवसासुद्धा लावून घेतलं होतं. केळकरांना उघडताना आधी फटीतून पाहिलं होतं.

"सर, पोलीस स्टेशनमधून फोन होता," केळकर म्हणाले. "चौकशी फक्त. वक्ते कोण, कुठले. मी सांगितलं, अगदी प्रोग्रेसिव्ह माणूस आहे. काळजी करू नका."

"चूक कोणी केली?"

"प्रेसमध्ये झाली असणार."

"तुम्ही पाहिलं नाहीत?"

"पाहिलं, सर." केळकरांनी पेला खाली ठेवला. "मला वाटलं, तुम्हीच तसं दिलंय."

"असं कसं वाटलं?"

केळकरांनी पेल्याखालचं पाण्याचं वर्तुळ बोटाने पुसलं.

"मुसलमान आहे, तेव्हा असेल. असंच ना?"

"सर, प्लीज. माझा तसा हेतू…"

"हेतू नव्हताच. हेतू असता तर भांडता तरी आलं असतं."

आतून रुकय्याची बांगडी दारावर वाजली. आवाज कमी करा, असा त्या वाजण्याचा अर्थ. सरांनी आवाज कमी केला नाही.

केळकरांनी पिशवीतून एक कागद काढला. "आम्ही मार्ग काढलाय. पट्टी चिकटवू आणि सरळ नवीन विषय देऊ. 'इस्लाम: सुधारणेची गरज'. सोपा आहे, लोकांना कळेल. तलाक, बुरखा, कुटुंबनियोजन, जे तुम्ही धाडसाने मांडाल ते. लोक टाळ्या वाजवतील सर, बघा तुम्ही."

"केळकर, तुम्ही कीर्तनाला जाता?"

"जातो की. गणपतीत नेहमी."

"बुवा पूर्वरंगात तत्त्व सांगत असतात तेव्हा तुम्ही कुठे असता?"

केळकर ओशाळून हसले. "खरं सांगू? मी गोष्टीच्या वेळेलाच पोचतो."

"तेच तर. तुमच्या सगळ्या गावाला माझा उत्तररंग हवाय. चार बायकांची गोष्ट. मी विचार कसा करतो, ते ऐकायला कोणी वेळेवर येत नाही. माझ्या मोहल्ल्याला वाटतं मी धर्म मोडायला निघालोय, आणि तुम्हाला वाटतं, मोडायला निघालो असेन तर टाळ्या वाजवायला यावं."

"मग रद्द करायचं का? तुमच्या सेफ्टीसाठी म्हणतोय."

"रद्द करायचं नाही. एक तर बरोबर शब्द राहील, नाही तर चुकीचा राहील. हा तिसरा नको. चूक दुरुस्त करता येते. हे तुमचं मत आहे."

केळकर उठले. पायऱ्यांवर वळून म्हणाले, "बरं, पट्टीवर तुमचाच शब्द लिहून घेतो. आणि सर, भाषणाचं पहिलं पान तेवढं नक्की वाचा. तुम्ही दिलेली प्रत काल वाचली मी. 'इज्तिहादचा जिहादशी काहीही संबंध नाही.' एकदम क्लिअर. तेवढ्याने सगळं शांत होईल."

सरांनी मान हलवली. ते वाक्य त्यांनी फार घासूनपुसून लिहिलं होतं.

दुपारी ते प्रेसमध्ये गेले. छपाईयंत्र बंद होतं, मालक सत्यजीत शाईचे हात रॉकेलने पुसत होता. सर त्याच्या टेबलापाशी बसलेही नाहीत.

"माझा शब्द कोणी बदलला?"

"सर, आम्ही तुमचा आहे तसाच जुळवला होता," सत्यजीत म्हणाला. "मलाच वाचता येईना. पण नाथनकाकांनी दुरुस्त केला ना. ते म्हणाले, मला माहीत आहे हा शब्द."

सर उभ्याउभ्या टेबलाची कड धरून राहिले.

"नाथनने?"

"मुद्रितं तेच तपासतात ना, सर. पोस्टातून रिटायर झाल्यापासून."

नाथन आपटेकर. पनवेलच्या इस्रायल आळीतल्या मराठी यहुद्यांपैकी, सरांचा वर्गमित्र. दोघांनी एका पाटीवर बाराखडी गिरवली होती. जानेवारीत अफवा उठल्या तेव्हा सर आणि रुकय्या उशा घेऊन त्याच्याच घरी झोपायला गेले होते. गेली वीस वर्षं दर गुरुवारी दोघे चहा पीत आणि सर त्याला इज्तिहाद समजावून सांगत. नाथन मान डोलवून ऐकायचा, मधून मधून हुं म्हणायचा, जसा पेटीवाला बुवांना सूर देतो.

सर प्रेसबाहेर पडले ते तडक इस्रायल आळीच्या वळणापर्यंत आले आणि तिथे थांबले. शनिवार होता. शब्बाथ, यहुद्यांचा विसाव्याचा दिवस. नाथन आज दिवा लावणार नाही, पेटीला हात लावणार नाही, कागदावर रेघ ओढणार नाही. भांडणाबद्दल काय नियम होता, ते सरांना आठवेना. ते परत फिरले.

राग रात्रभर घरात राहिला. त्यांनी रुकय्याला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "नाथनभाऊंनी? मग मुद्दाम नसेल."

"मुद्दाम असतं तर बरं झालं असतं."

"कसलं बरं?"

"वीस वर्षं तो ऐकत नव्हता, रुकय्या. मी भिंतीशी बोलत होतो."

रविवारी सकाळी आळीत शिरताच पेटीचा सूर ऐकू आला. नाथन ओटीवर मांडी घालून बसला होता. मंगळवारी कोणाकडे तरी गोड पोह्यांच्या मलीद्याचा नवस होता आणि त्याला कीर्तन करायचं होतं. निम्मी आळी इस्रायलला गेल्यापासून ऐकायला माणसं कमी असत. पण नाथन सराव कमी करत नसे. अब्राहामाचं आख्यान चाललं होतं. मूर्ती घडवणाऱ्या बापाचा मुलगा रात्री आकाशाखाली उभा आहे आणि माझा धनी कोण, असं विचारतो आहे.

*तारा मावळला, चंद्र मावळला,*
*सूर्यही बुडाला सांजवेळी;*
*मावळे तो कैसा माझा धनी म्हणू,*
*सांगा कोणी मज याच वेळी.*

सर दारातच उभे राहिले. कीर्तन मध्ये तोडायचं नाही, हे दोघांना एकाच माणसाने शिकवलं होतं: नाथनच्या वडिलांनी. ते हेच आख्यान रंगवायचे आणि छोटा इस्माईल पुढे बसून ऐकायचा. घरी जाऊन त्याने आपल्या बापाला सांगितलं होतं, की आपल्या इब्राहिमची गोष्ट नाथनच्या बाबांना पाठ आहे. आता या वयातही त्या ओळींनी अंगावर काटा यायचा तो आलाच, आणि त्याचाही सरांना राग आला. रागावायला आलेल्या माणसाला पूर्ण पद उभं राहून ऐकावं लागलं.

सूर थांबला.

"ये. असा दारात का?" नाथन म्हणाला आणि त्याने आत बायकोला हाक मारली. "बथशेबा, इस्माईल आलाय गं."

"तू बदललास?"

"काय?"

"माझा शब्द. पत्रकातला."

"अरे हो. तुला सांगायचंच राहिलं." नाथनने भाता बंद केला. "सत्यजीतच्या माणसाने पुढे इ लावला होता आणि मध्ये कुठला तरी त घुसडला होता. मी दोन्ही काढले. तुझं नाव तरी बरोबर छापलंय ना? मागे धनवे केलं होतं."

सर खाली बसले.

"इज्तिहाद, नाथन. इ. ज. त. वीस वर्षं मी तुझ्यासमोर हा शब्द बोलतोय."

"म्हणून तर काढला. मला शब्द माहीत होता."

"तुला जिहाद माहीत होता."

"तू तोच म्हणायचास ना?" नाथनने चष्मा वर सरकवला. "मला एवढंच ऐकू यायचं. पुढचं ते इ तुमच्या अरबीचं काहीतरी असेल असं वाटायचं, जसं तुम्ही अल म्हणता. मी म्हटलं, मराठीत कशाला?"

"आणि त्याचा अर्थ काय वाटायचा तुला?"

"तू सांगितलास तो. डोकं झिजवायचं. बापाने सांगितलं म्हणून नाही, मौलवीने सांगितलं म्हणून नाही, स्वतः विचार करायचा. जहद म्हणजे कष्ट. तूच म्हणालास."

"पेपर वाचत नाहीस तू? बाजारात जाऊन विचार, या शब्दाचा अर्थ काय. माझ्या घराचं दार दिवसा बंद असतं, नाथन. पोलिसांचा फोन येऊन गेला. तो सुलेमान माझे हात धरून मला मर्द म्हणतोय. वीस वर्षं तुझ्यासमोर बसलेला माणूस हा शब्द भिंतीवर लावून घेईल, असं तुला वाटलंच कसं?"

नाथन गोंधळून त्यांच्याकडे पाहत राहिला. "पेपरातला तो वेगळ्या माणसांचा शब्द आहे. त्यांना काय कळतंय? मी तुझ्याकडून शिकलो तो. त्यांचं का ऐकू?"

बथशेबा चहा घेऊन आली. तिने कप ठेवले, पदराने ओटीवरचं सांडलेलं पाणी टिपलं आणि मग उभी राहिली.

"ते तर भांडून आले होते त्या शब्दावरून," ती म्हणाली.

"तू आत जा," नाथन म्हणाला.

"का जाऊ? इस्माईलभाऊ, जानेवारीत तुम्ही आमच्याकडे झोपायला यायचात ना, त्याच्या आदल्या आठवड्यातलं. स्टँडवरच्या टपरीवर कोणीतरी बडबडत होतं, यांचा धर्मच तो, जिहाद, कापाकापी. हे मध्ये पडले. म्हणाले, तुम्हाला अर्थच माहीत नाही, त्याचा अर्थ विचार करणं असा आहे, आमच्या धनसे सरांना विचारा. तिथं लोक हसले. मग एकाने ढकललं. चष्मा फुटला तो तेव्हा."

सरांनी नाथनच्या चष्म्याकडे पाहिलं. जानेवारीतली ती काळी, जाड फ्रेम. त्या वेळी त्यांनीच थट्टा केली होती, की यात तू पोस्टमास्तर जनरल दिसतोस.

"तू पायरीवरून पडलो म्हणालास."

"टपरीला पायरी आहे," नाथन म्हणाला. "एक."

सर हसले नाहीत. कपातल्या चहावर साय धरत होती. ते म्हणाले, "कोणी सांगितलं होतं तुला भांडायला? चुकीचा शब्द घेऊन?"

"चुकीचा कसा? मूळ एकच आहे ना दोन्हीचं? तू मागे ते अरबी धातू सांगितलास, आमच्या हिब्रूसारखे, तीन तीन अक्षरांचे. जीम, हे, दाल. यातही तेच, त्यातही तेच. का नाही?"

सरांनी साय धरलेला कप दूर सरकवला. ते उठले, चपला घातल्या.

"संध्याकाळी येऊ ना आम्ही?" नाथनने विचारलं. आवाज पोरासारखा झाला होता. "की राग आहे?"

"राग आहे," सर म्हणाले. "वेळेवर ये. मध्यंतराला नको."

सहा वाजता वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. दरवर्षी पहिल्या चार रांगांत संपणारी माणसं आज भिंतीला टेकून उभी होती. मागे सुलेमान आपली चार माणसं घेऊन बसला होता. दारापाशी साध्या कपड्यांतले दोघे होते. त्यांचे बूट मात्र साधे नव्हते. रुकय्या बथशेबाच्या शेजारी बसली होती, हातातला रुमाल घट्ट धरून. तिच्या पलीकडे, तिसऱ्या रांगेत, नाथन. काळी फ्रेम.

व्यासपीठामागच्या कापडी फलकावर केळकरांनी पांढरी पट्टी चिकटवून घेतली होती. 'इज्तिहाद'. अक्षर सुबक होतं, खळ ओली होती.

केळकरांनी प्रस्तावना केली. आपल्या समाजातल्या अंधाराविरुद्ध एकट्याने उभा राहिलेला सुधारक, असं काही ते म्हणाले आणि सरांच्या कपाळावरची शीर उठली. "छपाईतल्या एका चुकीमुळे काही गैरसमज झाले," केळकर पुढे म्हणाले. "त्याचा खुलासा सर सुरुवातीलाच करतील." आणि खाली बसताना त्यांनी सरांकडे पाहून मान डोलावली. पहिलं पान.

सर उभे राहिले. कागद मेजावर ठेवले. पहिलं पान वर होतं, आणि त्यावर ते वाक्य होतं. काहीही संबंध नाही. सगळं सभागृह याच वाक्यासाठी आलं होतं. बुटांतली माणसं ते ऐकून निघून जाणार होती, केळकर निःश्वास सोडणार होते, रुकय्याचा रुमाल सैल होणार होता.

त्यांनी पान उचललं. दोनदा घडी घातली. सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

"खुलासा करायला सांगितलाय," ते म्हणाले. "त्या पट्टीखाली एक शब्द आहे आणि पट्टीवर एक. या दोघांची ओळख नाही, असं सांगितलं तर तुम्ही सगळे सुखाने घरी जाल. मीही जाईन. पण ते खरं नाही. हे दोघे भाऊ आहेत. एका बापाचे. बापाचं नाव जहद, म्हणजे कष्ट. त्यातल्या एकाला काही जणांनी चोरून नेलं आणि त्याच्या हातात सुरा दिला."

त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. सुलेमान हसत होता तो थांबला.

"आणि बाकीच्यांनी," आता ते पुढच्या रांगेकडे वळले, "सुरा पाहिला आणि म्हणाले, याचा चेहरा असाच असणार. घरी कोण कोण आहे, कोणी विचारलं नाही. दुसऱ्या भावाला तर कोणी ओळखतच नाही. त्याला हजार वर्षं घरात कोंडून ठेवलंय. बाहेरच्यांनी नाही. आम्हीच. कडी आतून आहे. आज मला त्याच्याबद्दल बोलायचंय. पण पहिल्याला परका म्हणून नाही."

दारापाशी एका माणसाने दुसऱ्याच्या कानात काही सांगितलं. केळकर खुर्चीच्या कडेला आले होते.

"हे मला काल माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. लिहिलं नव्हतं." सरांनी पाण्याचा पेला बाजूला सारला. "पूर्वरंग लांबणार आहे. कोणाला जायचं असेल तर आत्ता जा."

तेवढ्यात फलकावरच्या ओल्या पट्टीचं एक टोक सुटलं आणि ती तिरकी लोंबू लागली. खालचा शब्द अर्धा दिसू लागला, वरचा अर्धा राहिला. केळकर ती दाबायला धावले.

"राहू द्या," सर म्हणाले.

तिसऱ्या रांगेत नाथनने मान डोलवली आणि हळूच हुं म्हटलं.